रेवाबांचा दगड

मंगळवार, संध्याकाळ. बडोदे

बालासिनोरहून आत्ताच परतलो. वीस वर्षं डायनासोरांवर फिल्म्स करतोय, पण आजच्यासारखा शीण कधी आला नव्हता.

तिथल्या म्हाताऱ्या रेवाबा डायनासोरचं दगड झालेलं अंडं देव म्हणून पुजायच्या. पहिल्या फिल्मच्या वेळी मीच ते धुवायला लावलं. शेंदराखाली कवच दिसत नव्हतं ना!

आज म्हणाल्या, "तमे पाछा आवशो एम समजीने सिंदूर लगाड्युं ज नथी." मी परत येईन म्हणून इतकी वर्षं शेंदूरच नाही?

आणि आज मला नेमकी पूजाच टिपायची होती. हे ऐकूनही बोललोच, "बा, शेंदूर लावा ना." त्यांनी लगेच लावला. हात मात्र जोडले नाहीत. माझ्याकडे वळून विचारलं, "बराबर छे, साहेब?"