बाबांचा मायना

शिकागो, ७ एप्रिल १९८५

आदरणीय बाबा आणि आई,

सुलेखाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं चार पानी पत्र मिळालं. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख सहा मे ठरली हे वाचून बरं वाटलं आणि धाकधूकही. कारण त्यानंतर लगेच आम्ही इथे नसणार. ग्रीस देशातल्या एका लहानशा बेटावर दोन आठवडे राहायला जातोय, वीस मे ते तीन जून.

पद्मिनीताई आणि श्रीरंगराव यांच्याबद्दल मी पूर्वी लिहिलंय. पुण्याचे. इथल्या मराठी लोकांच्या सगळ्या कार्यक्रमांचा निम्मा भार त्या दोघांवर. त्यांनीच तिथे एक घर भाड्याने घेतलंय. जूनच्या मध्यापासून तिकडे माणसांची झुंबड उडते, त्याआधी जाऊन यावं म्हणजे समुद्र आपला एकट्याचा, असं पद्मिनीताईंचं म्हणणं. शरयू आणि अनिल हे आणखी एक जोडपं, आणि आम्ही. दीपाची शाळा चालू आहे, ती मैत्रिणीकडे राहील. तुला चालेल ना म्हणून विचारलं, तर इंग्रजीत म्हणाली की तुम्हीच एकमेकांना सांभाळा. तुमचे जावई राजाराम यांनी उन्हाची टोपी आणलीय आणि ती घालून घरात फिरतात.

आईची खुशाली मला तिथे कळायलाच हवी. पत्ता मागच्या बाजूला इंग्रजीत लिहिलाय. ऑपरेशन झालं की लगेच पत्र टाका, मी असेपर्यंत पोहोचेल.

बाबा, आता जे लिहिते ते लिहायला आठवडा लागला.

इथे महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पद्मिनीताईंकडे जमतो. ज्याला घरून पत्र आलं असेल त्याने ते आणायचं आणि पद्मिनीताईंनी सगळ्यांना वाचून दाखवायचं अशी पद्धत पडलीय. त्यांचा आवाज चांगला आहे. कोणाच्या आत्याचं गुडघ्याचं दुखणं, कोणाच्या भावाची बदली, आम्हांला सगळ्यांचं सगळं पाठ. घरचं पत्र आलं की ते एकाचं राहत नाही. माझं पत्र मात्र नऊ वर्षं कधी लॅबमध्ये राहतं, कधी दीपाने त्यावर दूध सांडलेलं असतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. पहिल्याच वर्षी कोणीतरी त्यावरून आम्ही कोण असू याचा अंदाज बांधला. तो चुकीचा होता. आम्ही दोघं नुसते हसलो. तेव्हापासून तेच चाललंय.

बेटावर सहा जणांचं एकच घर आहे. तिथे पत्र विसरले असं सांगता येणार नाही. म्हणून तेवढ्या एका पत्रात वर जयभीम लिहू नका, आणि आत विहार, मिरवणूक, वस्तीतलं असं काही नको. एवढं एकदाच.

आईला सांभाळा. माझ्यावरची माया कमी करू नका, हे या खेपेला मागून घेते.

तुमची,
सुलेखा

—

इंदोरा, नागपूर, २१ एप्रिल १९८५

चि. सुलेखा हिस,

ज्ञानदेवाचा सप्रेम जयभीम आणि मंगल आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावलं. तुझ्या आईला हल्ली वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवतो. म्हणजे ती पद्धत आमच्याकडेही आहे. बेटाचं ऐकून ती म्हणाली की जत्रा भरायच्या आधी जत्रेच्या गावी कोण जातं. शेजारच्या जाईबाईंनाही तिने हेच विचारलं. दोघींच्या मते तुम्हांला कोणीतरी फसवलं आहे.

तुझ्या विनंतीचा भाग मी आधी मनात वाचला आणि मग मोठ्याने. ते ऐकून तुझ्या आईने उठून चहा टाकला.

मी रागावलेलो नाही. परमुलखात तू राहतेस, तिथलं तुला कळतं. फक्त अडचण सांगतो. मी कागद घेऊन बसलो आणि पहिल्या ओळीत काय लिहावं ते सुचेना. माझ्या बापाला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण त्याला लिहिताच येत नव्हतं. मी मास्तर झालो तेव्हा मोठ्या साहेबांच्या पत्रांवर सा. न. वि. वि. लिहीत असे. साष्टांग म्हणजे आठ अंगं जमिनीला टेकवायची, आणि ती मी पुष्कळ टेकवली. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी तू चौदा वर्षांची होतीस, माझ्या खांद्याला लागून उभी होतीस. घरी आल्यावर मी नाशिकच्या मामांना पत्र लिहिलं आणि पहिली ओळ बदलली. तू शेजारी बसून टिपकागद धरला होतास. तुला आठवत नसेल.

असो. एकदाच म्हणतेस तर एकदा होईल. चौदा एप्रिलची मिरवणूक, विहाराच्या छपराचे नवे पत्रे, जाईबाईंच्या नातवाला वसतिगृहात मिळालेली जागा, हे सगळं गाळून काय उरतं ते बघतो.

जावयांच्या टोपीला आमचा नमस्कार. दीपाला पापा. मायेचं मागून घ्यायचं नसतं, ती आहे तिथे आहे.

तुझे बाबा

—

नागपूर, ११ मे १९८५

चि. सुलेखा,

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी सोमवारी काढतील. इकडे ऊन फार आहे. बाकी ठीक.

ज्ञानदेव

—

ग्रीस, २९ मे १९८५

आदरणीय बाबा आणि आई,

सुलेखाचा सविनय जयभीम. वि. वि.

आईचा डोळा उघडला असेल. तिला सांगा, फसवलं कोणी नाही, पण तिचं खरं आहे. जत्रा अजून भरायची आहे. हॉटेलवाले खुर्च्यांना निळा रंग देतायत. पोहण्याचा तलाव कोरडा आहे आणि त्यात मांजर व्यालीय. दुकानं अर्धी उघडी. घरमालकीण काळ्या कपड्यांतली म्हातारी आहे, रोज सकाळी काही न बोलता दारात चार लिंबं ठेवून जाते. समुद्र इतका स्वच्छ की पाण्यात उभं राहिलं तर पायाची नखं दिसतात. बोट सोमवारी आणि गुरुवारी येते. मधल्या दिवशी बेटाला दार नसतं.

पहिले आठ दिवस फार चांगले गेले, हे मी मुद्दाम लिहिते. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर आपल्याकडची दुकानं आहेत, तिथून मी कणीक आणली होती. सहा जणांच्या पोळ्या रोज मी करायचे. अशी पोळी पुण्यात मिळत नाही, असं पद्मिनीताई म्हणायच्या.

परवा सोमवारच्या बोटीने तुमचं पत्र आलं. पोस्टमनकडून ते पद्मिनीताईंनीच घेतलं. चार वाजता गच्चीवर चहा झाला आणि त्यांनी ते उघडलं. तीन ओळी वाचून त्यांनी कागद उलटा केला. घड्यांच्या आत बघितलं. मग म्हणाल्या, अक्षर मोत्यासारखं आहे गं, पण बाबा रागावलेत का तुझ्यावर? श्रीरंगराव म्हणाले की नाही, त्यांना वाटलं असेल तारेसारखे शब्दाला पैसे पडतात. सगळे हसले. हेही हसले. ते वाईट हसणं नव्हतं. कोणाचाही म्हातारा बाप असा असू शकतो.

पण तुम्ही असे नाही, बाबा. मी तो कागद बघत होते. वर कोरी जागा, खाली कोरी जागा. तुम्ही किती आज्ञाधारकपणे सगळं गाळलं होतं. आणि मला हसायचं होतं, आणि चेहरा हसला नाही.

मी म्हणाले, "बाबा चार पानं लिहितात. मीच त्यांना लिहू नका म्हणाले." मग का ते सांगितलं. आपण कोण, तुम्ही पत्राच्या वर काय लिहिता, बाबासाहेबांची तसबीर आमच्या झोपायच्या खोलीत का असते आणि पाहुणे आले की मी ते दार का ओढून घेते. फार वेळ लागला नाही. नऊ वर्षांचं सांगायला पाच मिनिटं लागली असतील. हे उठून कठड्याशी जाऊन उभे राहिले.

पद्मिनीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या की अगं, आम्ही कुठे हे मानतो. शरयू हो हो म्हणाली. श्रीरंगरावांनी आणखी चहा हवा का विचारलं.

काल सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर शरयूने कणीक मळून ठेवली होती. पद्मिनीताई म्हणाल्या, तू दमलीयेस, तू बस. आजही तसंच. कदाचित त्यांना खरंच वाटतं की मी दमलेय. मी दमलेय हे खरंही आहे. मला कळत नाही, बाबा, आणि मी कोणाला विचारूही शकत नाही. मी टेबलाशी बसते, समोर ताट येतं, सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतात.

उद्याच्या बोटीने निघू या, असं मी यांना म्हटलं. हे म्हणाले की पळून गेल्यासारखं दिसेल. मग टोपी घालून एकटेच बाहेर पडले. यांचा राग मला समजतो. त्यांचंही गुपित मी त्यांना न विचारता उघडलं. सोमवारपर्यंत अजून पाच दिवस आहेत आणि बेट एका तासात चालून संपतं. मी रोज दोन फेऱ्या मारते.

तुम्हांला तीन ओळींत बसवलं, त्याची माफी कशी मागू ते कळत नाही. तरी तुमचीच,

सुलेखा

—

शिकागो, २३ जून १९८५

आदरणीय बाबा आणि आई,

सुलेखाचा सविनय जयभीम. वि. वि.

माझं बेटावरचं पत्र एव्हाना पोहोचलं असेल. आम्ही सुखरूप परतलो. दीपा दोन आठवड्यांत उंच झालीय. उलट मीच वाकलेय, असं तिचं म्हणणं.

आल्यावर आठ दिवस कोणाचा फोन नव्हता. मग एका संध्याकाळी पद्मिनीताई आल्या, एकट्याच, डब्यात नारळाच्या वड्या घेऊन. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आम्ही चौघांनी ठरवलंय. आमच्याकडून हे कुणालाही कळणार नाही. तू अगदी निर्धास्त राहा."

मी थँक्यू म्हणाले, बाबा. वड्या काढून घेतल्या, डबा धुऊन परत दिला. त्या गेल्यावर खुर्चीत बसले ती किती वेळ उठलेच नाही. मी उघडलेलं त्यांनी उचलून, नीट घडी घालून, पुन्हा बंद केलं, आणि आता किल्ली त्यांच्याकडे आहे. त्यांनी हे प्रेमानेच केलं, म्हणून भांडताही येत नाही. गेल्या रविवारच्या सहलीत कोणीतरी नव्या बाईंनी मला माहेर कुठलं म्हणून विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत पद्मिनीताईंनी त्यांना बटाट्याची भाजी वाढली. मग माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. आधी मी एकटी लपत होते, तेव्हा निदान लपायचं की नाही ते माझं मी ठरवत होते.

यांना मात्र हायसं वाटलं. झालं ते झालं, आता विषय मिटला, म्हणतात. तसबीर मी पुढच्या खोलीत लावली होती. शनिवारी यांच्या ऑफिसातले दोन मराठी लोक यायचे होते. त्याआधी ती पुन्हा आत गेली.  दीपाने मला विचारलं की ती तसबीर आज इकडे, उद्या तिकडे का जाते.  पाहुणे निघून गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती इंग्रजीत म्हणाली की आजोबांना माहीत आहे का, की आपण त्यांना लपवतो.

म्हणून एक मागणं आहे. मागच्या मागण्यासारखं नाही. चार ऑगस्टला पद्मिनीताईंकडे सगळे जमणार आहेत. या खेपेचं तुमचं पत्र आमच्या पत्त्यावर पाठवू नका. खाली त्यांचा पत्ता देते, तिथे पाठवा. चार पानं लिहा. काही गाळू नका. यांना मी हे आज रात्री जेवताना सांगणार आहे, पण हे पत्र त्याआधी पेटीत टाकून येते.

तुमच्या मायेवर भरवसा ठेवून,

सुलेखा

—

इंदोरा, नागपूर, ८ जुलै १९८५

सौ. पद्मिनीबाई, श्रीरंगराव, चि. सुलेखा, जावई राजाराम, चि. दीपा आणि आज जमलेल्या सर्व मंडळींस,

ज्ञानदेव मास्तर आणि रत्नाबाई यांचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पद्मिनीबाई, आपण पत्रं फार चांगली वाचता असं सुलेखा लिहिते, म्हणून आपल्यासाठी अक्षर मोठं काढलं आहे. माझं मागचं पत्र तोकडं होतं. ती माझी सवय नव्हे. हे लांब आहे, तेव्हा मध्ये कोणाला चहा घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, मी थांबतो.

सुलेखा माझी थोरली. महापालिकेच्या ज्या शाळेत मी शिकवलं त्याच शाळेत ती शिकली, आणि माझी मुलगी म्हणून इतरांपेक्षा दोन छड्या जास्त खाल्ल्या. ज्या विहिरीवर माझ्या आईला पाणी भरू देत नसत, तिथून तीन कोसांवर आमचं आजचं घर आहे. घरात नळ आहे. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. आपण आमच्या मुलीला नऊ वर्षं ओळखता, तर ती कुठून आली तेही आपल्याला माहीत असावं, एवढंच.

आता खुशाली. रत्नाबाईंच्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा पहिलं दर्शन माझं झालं. त्या म्हणाल्या, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात. डॉक्टर हसले, मी हसलो नाही. आता त्या दिवसभर जे दिसेल ते वाचतात, साखरेच्या पुडीचा कागदसुद्धा. चौदा एप्रिलला मिरवणूक रात्री दोनपर्यंत चालली. विहाराच्या छपरावर नवे पत्रे चढले, त्यातले सहा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी दिले. आमच्या शेजारी जाईबाई राहतात. त्यांचा नातू डॉक्टर होणार आहे. त्याला वसतिगृहात जागा मिळाली, आणि तो आत्तापासूनच आम्हां सगळ्यांच्या नाड्या बघत फिरतो. त्याच्या मते माझ्याकडे अजून वीस वर्षं आहेत. सोबतच्या तीन पानांत बाकीच्या वस्तीची हकिगत आहे, ती सावकाश वाचावी.

राजाराम, आपल्याला न विचारता हे पत्र इथे आलं आहे. त्याचा राग सुलेखावर धरू नये. लिहिणारा मी आहे, तेव्हा तो माझ्या नावे ठेवावा.

शेवटची विनंती रत्नाबाईंची आहे. त्यांना आता स्वतः वाचता येतं, आणि एकट्या माझ्या अक्षराचा त्यांना कंटाळा आला आहे. तेव्हा आज तिथे बसलेल्या ज्याला ज्याला वाटेल त्याने त्यांना दोन ओळी लिहाव्यात. पहिल्या ओळीत काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही दोघं उत्तराची वाट पाहू.

लोभ जडायला अवकाश असेल तर घाई नाही. जडला की मात्र सोडू नये.

आपला,
ज्ञानदेव मास्तर