गोधडीचं दुसरं टोक

डोणगाव,
चैत्र वद्य पंचमी, १९६६

सौ. अन्नपूर्णावहिनींस धाकट्या नणंदेचा, म्हणजे सिंधूचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचा खोकला गेला, की विडीच्या सोबतीनं अजून नांदतोच आहे? इकडे आम्ही सारे खुशाल आहोत. माझी तब्येत ठणठणीत आहे. तीन वर्षांत तुम्हाला पत्र नाही, याचं कारण राग नव्हे (राग कशाचा असणार?), सवडच मिळाली नाही.

सवड मिळणार कशी? गावात कुणाचं कुणाशी बिनसलं की पावलं माझ्या ओट्याकडे वळतात. मला कुणी नेमलेलं नाही. शेजारच्या दोघी जावांचा अबोला एकदा मोडून दिला, तेव्हापासून ही वेठ मागे लागली. उपाय माझा नाही, आईचाच आहे. रुसलेल्यांना उपदेश करायचा नाही, ओल्या गोधडीची दोन टोकं दोघींच्या हाती द्यायची. जिला जेवढा राग तेवढा तिनं पीळ द्यावा. पण समोरचीनं टोक घट्ट धरलं तरच आपला पीळ बसतो, हे आधी हाताला कळतं आणि मग तोंडाला. (त्यामुळे डोणगावात माझ्याइतक्या स्वच्छ गोधड्या कुणाच्या नाहीत. आमचे हे म्हणतात, गावात शांतता नांदली तर आपल्याला मळक्यात निजावं लागेल.)

तर गेल्या सोमवारी पुंजाजींची सून चांगुणा बोचकं घेऊन आली. तिनं केलेल्या वरणात सासूनं न विचारता तांब्याभर पाणी ओतलं, एवढंच कारण. माहेर लांब, अखजीच्या सणाला (अक्षय्य तृतीयेला) न्यायला अजून कुणी आलेलं नाही, म्हणून रुसायला माझं घर. मी तिला भाकर वाढते आहे तोच दारात सासू रुखमाबाई, तिच्याही काखेत बोचकं. "सुनेले रुसता येते, मंग मले नाही येत का?" म्हणाली आणि दुसरी भिंत धरून बसली. मधे मी. एक उसासा उजवीकडून, एक डावीकडून. त्यांच्याकडे पाहून मलाच धाप लागली.

दुसऱ्या दिवशी गोधडी काढली. दोघींनी असा पीळ दिला की शिवण करकरली. मला वाटलं, आता जमतंय. एवढ्यात रुखमाबाईला वरणाची आठवण झाली असावी, तिनं टोक सोडून दिलं. चांगुणा पाठीमागं ढोरांच्या हौदात पडली. मग हौदातून हसू आलं, आणि सासूही पदर तोंडाशी लावून हसत सुटली. संध्याकाळी ती सुनेची पाठ तेलानं चोळत होती, अन् सून म्हणत होती, "थोडं खाली, आत्याबाई." माझे डोळे भरून आले.

भरलेले डोळे पुसले नाहीत तोच दोघींची एकी माझ्यावर उलटली. "आमच्या घरी वरण एवढं पातय नसते बाप्पा," ही सासू. "मिरचीबी नाही लागून राह्यली," ही सून. आज सहावा दिवस, दोघी माझ्याकडेच आहेत. रुखमाबाईचा मुलगा गुलाबराव न्यायला आला, तर त्याची आईच विचारते, "काऊन आला बे?" तोही लगेच परत गेला नाही. ओट्यावर बसून त्यानं घरात दोन बायांच्या मधे पुरुषाचं कसं भरीत होतं ते दिवेलागणीपर्यंत सांगितलं आणि जेवून हलका होऊन गेला.

मन मोकळं केलं की माणूस हलका होतो, हे मला मान्य आहे. पण वहिनी, सगळे ते माझ्या ओट्यावर मोकळं करतात. झाडून ठेवायला केरसुणी असते, याला काय घ्यायचं? सगळ्यांना मी सांगते, एकानं आधी वाकावं, त्यानं कुणाची पाठ मोडत नाही. सांगून सांगून जीभ दुखली.

असो. दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
सिंधू

ता. क. तब्येत ठणठणीत नाही. पीठ मळताना उगाच रडू येतं. घरात कुणी विचारत नाही, कारण रडायचं ते माझ्याकडे येऊन, अशी सर्वांना सवय झाली आहे.

ता. क. दुसरा. आईच्या तेराव्याला तुम्ही भर पंगतीत म्हणालात, "आधी पाहुण्याबाईला वाढा." माझ्याच माहेरात मी पाहुणी! तेव्हापासून अखजीला मला न्यायला कुणी आलं नाही, आणि न बोलावता यायची आपली रीत नाही. चूक तुमचीच होती. माझं मत बदललेलं नाही. तरी यंदा दादाला पाठवा. मी बोचकं बांधून ठेवलं आहे, रुखमाबाईनं विचारलं तेव्हा धुणं आहे म्हणून सांगितलं.

ता. क. शेवटचा. आईच्या लुगड्यांची गोधडी तीन वर्षं धुतलेली नाही. तिचं टोक मी गावात कुणाच्या हाती दिलं नाही, आणि एकटीला ती पिळत नाही. घेऊन येते. दुसरं टोक तुम्ही धरा. राग आला तर खुशाल पीळ द्या, पण मधेच सोडू नका. माझी कंबर चांगुणेची नाही.