दोरीवरचे ओले कपडे

प्रिय ठमे,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी बस. आणि जावयांसमोर तर मुळीच वाचू नकोस. घाबरण्यासारखं काही नाही, मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझे बाबा होते तेव्हाही कुरकुरायचाच. फोनवर सांगायला गेले की तू 'बोल ना आई' म्हणतेस आणि मी भाजीचे भाव सांगत बसते. अख्ख्या गल्लीत मी तोंडाळ म्हणून नावाजलेली, आणि आता 'चड्डी' एवढा एक शब्द लिहायला दोन कागद फाडले. लिहिला बाई एकदाचा. हस आत्ताच, कारण पुढचं वाचून हसशील की नाही, सुट्टीत येशील की नाही, याचीच धाकधूक आहे.

बाबा गेल्यावर तूच म्हणाली होतीस, आई, तू एकटी, त्यांची चड्डी-बनियन आणि एक मोज्यांची जोडी गॅलरीतल्या दोरीवर राहू दे, चोराला वाटेल घरात पुरुष आहे. मी म्हटलं होतं, ज्या माणसाने जिवंतपणी कधी उंदीर पळवला नाही, तो आता चड्डीच्या जोरावर चोर पळवणार! पण टांगले. उन्हाने त्यांची पार रया गेली. इलास्टिक सैल पडलं, मोजे लाकडासारखे कडक झाले. रोज बघायचे, पण काढवत नव्हते.

समोरच्या बेकरीतले भट्टीवाले आठवतात ना? शाळेतून येताना तुला तुटकी बिस्किटं द्यायचे ते. त्यांची बायको जाऊनही आता किती वर्षं झाली. एकदा पाव बांधून देताना गालातल्या गालात हसत म्हणाले, वहिनी, तुमचे साहेब चड्डी बदलतच नाहीत वाटतं? आणि त्या कपड्यांतून कधी थेंबभर पाणी ठिबकलेलं नाही पाहिलं, चोर काय आंधळे असतात? मी कसली गप्प बसतेय! म्हटलं, बायकांच्या दोरीकडे डोळे लावून बसता, म्हणूनच पाव करपतात तुमचे. दुकानभर हशा झाला. घरी आले, दार लावलं आणि रडले. मग माझं मलाच हसू आलं. त्यानंतर पावासोबत रोज एक टोमणा मिळायचा, आणि मीही व्याजासकट परत करायचे.

उन्हाळा लागला तेव्हा नवे कपडे घ्यायला बाजारात गेले. नुसते टांगायचे तर आहेत, कसलेही चालतील, असं ठरवूनच गेले होते. दुकानात बाई होती म्हणून धीर आला. तिने चकचकीत नायलॉनच्या चड्ड्या काढल्या. मी कापड तोंडापुढे धरून फुंकर मारली, तर हवा पलीकडे जाईना. म्हटलं, नको गं, यात घामोळं उठेल, जांघेत काचेल. सुती दे, रुंद पट्ट्याची, शिवण न टोचणारी. मोजेही सुतीच, घाम टिपणारे, पोटरीवर वळ न उठवणारे. तिने विचारलं, मावशी, काका काम काय करतात? आणि ठमे, मी पटकन बोलून गेले, दिवसभर भट्टीपुढे उभे असतात, पाय सुजतात. तिने माप विचारलं. मला आकडा कुठला माहीत? मी दोन्ही हातांनी घेर करून दाखवला, आणि हात तसेच राहिले. तुझे बाबा खुर्चीत बसून कारकुनी करणारे, काडीपैलवान. तो घेर त्यांचा नव्हता गं. माझ्या हातांना तो कसा ठाऊक, ते विचारू नकोस, मी मेले तरी सांगणार नाही.

कानापर्यंत तापले मी. पिशवी पदराखाली धरून घरी आले, तर रस्त्यातला प्रत्येक माणूस पिशवीकडेच बघतोय असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! बाबांचे कपडे दोरीवरून काढताना त्यांच्या फोटोकडे बघवलं नाही. धुतले, घडी घातली, ट्रंकेत तुझ्या बाळपणीच्या झबल्यांशेजारी ठेवले. या वयात, दोन नातवंडांची आजी होऊन, हे काय करून बसले, असं अजून मनात येतं. ती पिशवी शेवटी भट्टीवाल्यांच्याच हाती गेली. भट्टी विझली की ते इकडे येतात, अंघोळ करतात, जेवतात, माझी थट्टा ऐकत पाय पसरून बसतात. आता पायावर वळ नसतात.

आम्ही काही ठरवलेलं नाही. तुला विचारल्याशिवाय ठरवणारही नाही. पण दर सुट्टीत आल्या आल्या तू गॅलरीत जातेस आणि कुणी बघत नाही असं पाहून बाबांचे मोजे मुठीत धरतेस, ते मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलंय. या वेळीही सवयीने हात लावशील. मोजे ओले लागतील, ठमे. ते तुला दोरीवरून कळू नये, आईकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. तू नको म्हणालीस, तर ते कपडे वाळवून, घडी करून समोर देऊन येईन आणि पाव दुसरीकडून आणीन. पण नको म्हणायचं तर इथे येऊन, माझ्या तोंडावर म्हण.

तुझीच, पदरात तोंड लपवून बसलेली,
आई