आईचा डावा हात

प्रिय खारूताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फोन मध्येच तोडता येतो. कागद फार तर फाडता येतो, आणि पुस्तकं बांधणाऱ्या बाईच्या लेकीला कागद फाडवणार नाही, एवढा माझा अंदाज आहे. परवा फोनवर मी जे केलं ते बोलणं नव्हतंच, भाषण होतं. तुझी वहिनी स्वयंपाकघरातून म्हणालीही, "अहो, समोर एक बहीण आहे, सभा नाही." पण मी एकदा सुरू झालो की शेवटचा मुद्दा झाल्याशिवाय थांबत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझ्या स्टुडिओत आलो होतो तो दिवस मात्र छान गेला. मी मागच्या स्टुलावर, तू पडद्यासमोर. चित्रं बनवणाऱ्या यंत्रात नवीन सोयी आल्यात म्हणालीस आणि एकेक करून दाखवत गेलीस. खिडकीतून ऊन येऊ दे असं लिहिलंस, ऊन आलं. मधला खांब नको म्हणालीस, खांब गेला आणि त्याच्यामागची भिंत जणू कायमचीच तिथे होती. या यंत्रांविरुद्ध सभा गाजवणारा मी, आ वासून बघत होतो. "दादा, तोंड मीट, माशी जाईल," म्हणालीस. हसलो, पण माझं मत बदललेलं नाही. हजारो चित्रकारांची कामं न विचारता गिळून जे शहाणं होतं, त्या शहाणपणाचा हिशेब कधीतरी मागावाच लागेल. हे तुझ्या तोंडावर बोललो होतो, पत्रातही लिहून ठेवतो.

मग आईच्या फोटोचा विषय निघाला. बांधणी कामगारांच्या सभागृहात तिचं मोठं चित्र लावायचं ठरलंय आणि आपल्याकडे धड फोटो एकच, तोही डाव्या कोपरापाशी संपलेला. चौकटीबाहेरचा भाग यंत्र स्वतः भरून काढतं, असं तू म्हणालीस आणि मी मान डोलावली. आठवड्याने चित्र आलं. ऊन सुंदर, साडीच्या निऱ्या सुंदर, आणि टेबलावर विसावलेला आईचा डावा हात. पाच बोटांचा.

संघटनेचा कार्यवाह खूश. "बाईंचा हात किती नाजूक होता हो!" म्हणाला. त्या भल्या माणसाने आईला कधी पाहिलेलंच नाही. माझ्या मात्र अंगाची लाही झाली. कागद कापायच्या यंत्रावरची बोटं वाचवणारी जाळी काम मंदावतं म्हणून मालकाने काढून ठेवली, तिथे आईची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. जखम भरल्यावर ती त्याच यंत्रापुढे उभी राहिली आणि हात वर करून म्हणाली, "जाळी बसेपर्यंत मी पातं खाली आणणार नाही." एकेक बाई तिच्या मागे येऊन उभी राहिली. आमची संघटना तिथे जन्मली, कुठल्या ठरावात नाही. तो हात भरून काढला की जाळीही आपोआप बसली होती, मालकही देवमाणूस होता आणि आम्ही उगाच घसा कोरडा करत होतो, असंच होतं. हे सगळं मी तुला ऐकवलं. आवाज चढवून ऐकवलं.

तू आधी शांतपणे सांगितलंस की यंत्राकडे तीन बोटांचा हातही मागून पाहिला होतास. यंत्राने एकदा हातमोजा घातला, एकदा हात पिशवीमागे नेला, एकदा बँडेज बांधलं. ऐकून मला तो फोटोग्राफर आठवला. "ताई, तो हात जरा बाहेर राहू दे," असं म्हणून त्यानेच फोटो कोपरापाशी संपवला होता. माणसाने जे चौकटीबाहेर ठेवलं, ते यंत्राने तरी कुठे पाहायचं? पण हे मी बोलायच्या आत तू म्हणालीस, "दादा, मग पाच बोटांवर मीच थांबले. तू तिला तशी पाहिलीस. मी कधीच नाही." आणि फोन ठेवलास.

सभेत कुणी मध्येच प्रश्न टाकला तर माझ्याकडे उत्तर तयार असतं. तुझ्या या वाक्यावर मात्र मी वर्षांचा हिशेब करत बसलो. तू अपघातानंतरच्या वर्षीची. तुझी वेणी घातली ती त्या तीन बोटांनी, निजवताना थोपटलं तेही. तुला ती कधी अपुरी वाटली असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. तुलाही तसं वाटलं नसेल कदाचित. नुसतं बघायचं असेल, एकदा.

मग मी ते चित्र पुन्हा काढून बसलो, या वेळी न रागावता. आणि खारे, तो हात आईचा नाहीच. कुणा वीणा वाजवणारीचा आहे, लांबसडक, निमुळता. आईची बोटं आखूड, जाड, पेरांशी रुंद. नखं चौकोनी, कडेला बांधणीची वाळलेली खळ. अंगठा मागे इतका वाकायचा की मी लहानपणी त्यावर माझी पेन्सिल ठेवायचो. आईचा पाचही बोटांचा हात पाहिलेले बाबा गेले, मावशी गेली. तो हात आठवणारा मी एकटा उरलोय, आणि ही गोष्ट आता तुला सांगितली नाही तर ती माझ्याबरोबरच जाईल. पत्र त्यासाठी लिहितोय. सभागृहात तीन बोटांचंच चित्र लागेल, त्यावर तडजोड नाही. यंत्राला जमत नसेल तर तेवढा हात तू कुंचल्याने काढ, तुला येतो. पण दुसरं एक चित्र घरासाठी कर, पाच बोटांचं. ते खरं नसेल, हे आपल्या दोघांना माहीत असेल, तेवढं पुरे. नमुना म्हणून फोटो देता येतो म्हणाली होतीस ना? माझ्या डाव्या हाताचा फोटो सोबत ठेवलाय. बोटं त्यातली घे, ती आईवर गेलीत. अंगठा घेऊ नकोस, तो बाबांचा आहे. आईचा अंगठा तुझ्या हाताला आहे. मागे वाकवून बघ.

तुझाच,
सभेत न थांबणारा आणि तुझ्यापुढे थांबलेला,
दादा