ज्योत वाकली, हलली नाही

अण्णा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. मी आत्ता नळदुर्गला एका ढाब्याच्या बाजेवर बसलोय. ज्या ट्रकवर मी क्लीनर आहे त्याचं चाक पंक्चर झालंय, ड्रायव्हर ते घेऊन गावात गेलाय. जाताना माझ्यावर असा ओरडला की अजून छाती धडधडतीय. चूक माझीच, चाकाचे नट काढून कुठं ठेवले तेच विसरलो. पूर्वीचा मी असतो तर एव्हाना पिशवी उचलून सोलापूरच्या बाजूला सुटलो असतो. आज बसून राहिलो. नाकानं श्वास घेतला, ओठ बारीक करून सावकाश सोडला, तुम्ही शिकवला तसा. धडधड उतरायला लागली आणि ढाबेवाल्याकडून कागद मागून घेतला.

तुळजापुरात तुमच्या दुकानी आलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि ते माझं सहावं का सातवं ठिकाण होतं. त्याआधी शिंप्याकडं, मग तेलाच्या घाण्यावर, मग परंड्याला एका कारकुनाकडं कागद शिवायला. निजामाचं राज्य जाऊन सात वर्षं झाली होती, तरी त्या कागदांवर निम्मी अक्षरं उर्दूच. मला ती वाचता येत नव्हती आणि मराठीही चौथीपुरतीच. कारकून फार चांगला पेटी वाजवायचा, पण ते जाऊ द्या. कुणी आवाज चढवला की माझ्या कानात शिट्टी वाजायची, छातीत पारवा फडफडायचा आणि पाय आपोआप दाराकडं वळायचे. तुम्ही सोनार माणूस, माझा हा रोग पहिल्या आठवड्यातच ओळखलात.

पहिला महिनाभर तुम्ही मला चांदीला हात लावू दिला नाही. सकाळी दुकान झाडून झालं की समोर तेलाचा दिवा, तोंडात पितळेची नळी आणि फुंकायला काहीच नाही, नुसती ज्योत. ती वाकली पाहिजे, हलता कामा नये. वारा गालात साठवायचा, गाल तो सोडत असतानाच नाकानं नवा घ्यायचा, म्हणजे फुंकर तुटत नाही. माझी ज्योत कोंबडीच्या मानेसारखी हलायची. मी वैतागलो की तुम्ही म्हणायचात, तिच्यावर कशाला चिडतोस, तुझ्या आत जे चाललंय तेच ती करून दाखवतीय. मला वाटायचं, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही.

मग तो मंगळवार. देवीचा वार, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. सोनारी गावाच्या पुढच्या एका वस्तीवरची म्हातारी देवघरातला टाक घेऊन आली. जुना, ओतीव चांदीचा, तळहाताएवढा, त्यावर भवानीचा मुखवटा. कड एका जागी उकलली होती, तेवढी डाग देऊन सांधायची होती. चार दिवसांनी तिच्या नातवाचं लग्न, मागोमाग गोंधळ, आणि गोंधळाला हीच देवी पाटावर पाहिजे. ती दर्शनाला गेली. तुम्ही म्हणालात, कड साधी आहे, तू कर. दारात गिऱ्हाईक कालवा करत होतं, कुणाला जोडवी, कुणाला पैंजण. मी नळी तोंडात धरली. फुंकर मध्येच तुटली, ज्योत पडली. ती भरून काढायला मी तोंडानंच श्वास ओढला आणि जोरात फुंकलं. ज्योत कडेवरून मुखवट्यावर गेली. चांदी आधी काळवंडते, मग आरशासारखी चमकते, आणि चमकली म्हणजे वितळलीच, मग आपल्या हातात काही राहत नाही. देवीचं नाक माझ्या डोळ्यांदेखत बसलं.

मी उठलो. तुम्ही वर न बघता म्हणालात, "पळायचं तर पळ लेका. पण आधी आत घेतलेला वारा सगळा सोड, मग पळ." मी सोडला. लई वेळ लागला सोडायला. संपला तेव्हा मी खालीच बसलेलो होतो.

तेवढ्यात म्हातारी परत आली. तुम्ही लपवाछपवी केली नाही. टाक तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणालात, "माझ्या हातून चूक झाली." स्वतःच्या हातून! मी शेजारीच होतो, आणि मी तोंड उघडलं नाही. तिनं टाकाकडं पाहिलं, मग तुमच्याकडं. "माझ्या आजेसासूच्या हातची देवी, तुमच्या एका फुंकरीनं नकटी केली व्हय?" मग तिचा आवाज फाटला. खंडित देवी पाटावर मांडत नाहीत, नदीला द्यावी लागते. चार दिवसांवर गोंधळ, घरी दिरांना काय तोंड दाखवू, नवी सून कुणाच्या पाया पडंल. दारातली माणसं आत वाकून बघायला लागली. तुम्ही एवढंच म्हणालात, "चांदी कुठं गेली न्हाय बाई. तिनं जागा सोडलीय. बाहेरची रतीभरसुद्धा न घालता हीच परत जागेवर आणतो. जमलं न्हाय तर मग खंडित म्हणा."

ती ओट्यावर बसली आणि बोलतच राहिली. तुम्हाला, तुमच्या बापाला, सगळ्या सोनारांना. तुम्ही दिव्यासमोर डोळे अर्धे मिटून बसलात. मला वाटलं हातपाय गळाले तुमचे. नंतर दिसलं, तुमची पाठ सावकाश वर येत होती आणि सावकाश खाली जात होती, आत घ्यायला थोडा वेळ, सोडायला दुप्पट. म्हातारीचा एक शब्द तुमच्या कानाबाहेर राहिला नसणार, पण एकही आत जाऊन बसत नव्हता. हात थरथरायचे थांबले तेव्हाच तुम्ही नळी उचललीत. म्हणजे तुमचेही हात थरथरत होते. ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आणि मग तुम्ही फुंकायला लागलात. ज्योत वाकली, सुईसारखी बारीक झाली आणि तशीच राहिली. गाल फुगलेले, नाकपुड्या हलताहेत, फुंकर एकदाही तुटत नाही. त्या जागेवरची चांदी चमकण्याच्या अगदी अलीकडं येते, तिथंच थांबते, पुढं जात नाही, मागं येत नाही, आणि तुमच्या दुसऱ्या हातातली पोलादी सळई ती केसाएवढी वर ओढते. पुन्हा तसंच. पुन्हा. मी ज्योत बघतोय का माणूस बघतोय तेच कळेना. दारातली माणसं गप्प झाली. शेवटी म्हातारीही गप्प झाली, आणि मला दिसलं की तिचा श्वास तुमच्या पाठीबरोबर वर-खाली होतोय. माझाही होत होता. एका नळीनं तुम्ही सगळं दुकान शांत केलंत अण्णा, आणि तुम्हाला ते माहीतसुद्धा नव्हतं.

टाक निवल्यावर तिनं हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "आधी सरळ होतं. आता जरा बसकं झालंय." मग तिच्या तोंडावर हसू आलं. "माझ्या सासूचं असंच होतं. असू द्या." पदरात गुंडाळून ती गेली. तुम्ही पाणी मागितलंत, पाठ भिंतीला टेकलीत आणि मला म्हणालात, उद्यापासून पुन्हा नुसती ज्योत.

ती मी पाच महिने केली. मग पळालोच, हैदराबादकडं जाणाऱ्या एका ट्रकमधून, तुम्हाला न सांगता. तुम्ही गेल्याचं वर्षभरानं कळलं.

गेल्या चैत्रात सोनारीला भैरवनाथाच्या यात्रेला गेलो होतो, तिथून चालत त्या वस्तीवर गेलो. म्हातारी आता नाही. ती नवी सून दोन लेकरांची आई झालीय. तिनं देवघर दाखवलं. टाक पाटावर होता, नाकाला हळदीकुंकू. मी म्हणालो, देवीचं नाक जरा बसकं दिसतंय. ती म्हणाली, "आमच्या देवीचं असंच हाय, पयल्यापासनं. आमची आजेसासू म्हणायची, आमच्या घरच्या बाया हिच्यावरच गेल्यात." आणि आपलं नाक दाखवून हसली.

मी सांगायलाच गेलो होतो, अण्णा. चूक तुमची नव्हती, फुंकर माझी होती, एवढंच. तिच्या ओसरीवर बसून श्वास घेतला, सगळा सोडला, मन अगदी निवांत झालं. आणि निवांत मनानं तिची भाकरी खाऊन, न सांगता निघून आलो.