काळूचा हिरवा चुडा

खोपट, ठाणे
मंगळवार

तीर्थस्वरूप सुधीरमामांना,

क्षिप्राचा साष्टांग नमस्कार. (बाबांना तीर्थरूप आणि मामांना तीर्थस्वरूप लिहायचं, हे आईने लहानपणीच शिकवलं. शब्द दोनदा तपासून घातला आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामी फोनवर म्हणाल्या की सूज उतरली आणि काल तुम्ही काठीशिवाय गॅलरीपर्यंत गेलात. आनंद झाला. माझ्या पोटाची चौकशी केलीत, त्याबद्दल आभार. रविवारी तुमच्याकडे जेवताना मी दोनदा बाथरूमला गेले म्हणून मामींनी ओव्याची पुडी बांधून दिली, ती ठेवली आहे. पोट उत्तम आहे. रविवारीही उत्तम होतं. हे सगळं घरच्या ग्रुपवर लिहिता आलं असतं, पण तुमचे मेसेज मामी मोठ्याने वाचतात आणि समोरच्या ब्लॉकमधले रामाकाका दारात उभे राहून ऐकतात. म्हणून पत्र. पाकिटावर ‘खासगी’ लिहिलं आहे, त्यामुळे मामी ते निदान दुपारच्या चहापर्यंत फोडणार नाहीत.

काळू नदीच्या लग्नात तुम्ही वधूपिता, आणि नेमके तुम्हीच गुडघ्यामुळे घाटावर येऊ शकला नाहीत. मामींनी जे सांगितलं असेल त्यात भक्ती जास्त आणि आकडे कमी असणार, म्हणून मी पाहिलं ते लिहिते. मुळात नदीचं लग्न लावायचं हे कसं ठरलं, त्या बैठकीलाही तुम्ही नव्हता. काळू नदी बचाव समितीच्या जानेवारीच्या बैठकीत तीन विषय होते: घाटावरचा कचरा, घाटाच्या वरच्या अंगाला फुटक्या पाइपातून नदीत येणारा नाला, आणि वार्षिक सोहळा. कचऱ्यावर एकमत झालं (कचरा वाईट). नाला पुढच्या बैठकीवर गेला, जसा तो गेली तीन वर्षं जातो आहे. मग कल्पिताताईंनी, म्हणजे आपल्या सचिवांनी, सोहळ्याचा विषय घेतला. त्यांचं म्हणणं असं की काळू खाली जाऊन उल्हासला मिळते. काळू ती, उल्हास तो. इतकी वर्षं दोघं लग्नाशिवाय एकत्र वाहताहेत आणि आपण नुसते बघत बसलोय. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. मी पाणी तपासते, नाती नाही. (त्याच बैठकीत मी सांगितलं होतं की नदीत डीओ कमी झालाय. डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. कल्पिताताईंनी वधूसाठी सहा बाटल्या अत्तर मागवलं.)

माझ्याकडे एकच काम आलं: नाला नेमका कुणाचा, ते लग्नापूर्वी शोधायचं. चढावर तीन सोसायट्या आहेत आणि तिघीही म्हणतात, आमचा नाही. तुम्ही स्वतः रविवारी वालाच्या बिरड्यावर लिंबू पिळत म्हणालात, ‘‘आमच्या सोसायटीचा थेंबसुद्धा नदीत जात नाही, क्षिप्रा. आपल्याकडे स्वतःचा प्लांट आहे, सांडपाणी शुद्ध करणारा. चेअरमन म्हणून सांगतोय.’’ मी मान डोलावली. तो प्लांट मी गेल्या गणपतीत आतून पाहिला आहे. त्यात मखर ठेवतात.

असो. जेवून तुमच्याकडून निघाले ती दोन वाजून पाच मिनिटांनी घाटावर पोचले. मुहूर्त दोन अकराचा होता. वधू तांब्याच्या कलशात, हळद लावून, नथ घालून बसली होती. वर कल्याणहून टेम्पोने आला, वीस लिटरच्या प्लास्टिकच्या जारमध्ये, वर फेटा. वरपक्षाचे प्रमुख प्रितमदादा. काठावर जलपर्णी इतकी माजली आहे की त्यांना नदीपर्यंत पोचताच आलं नाही, म्हणून त्यांनी जार घरच्या नळावर भरला. हे त्यांनी आपण होऊन सांगितलं नसतं. मी सवयीने वराचा नमुना घेतला आणि त्यात क्लोरीन निघालं. मी ते फक्त वहीत लिहीत होते, पण कल्पिताताईंनी खांद्यावरून वाचलं आणि मांडवात ओरडल्या, ‘‘नवरा डुप्लिकेट आहे!’’

‘‘अहो ताई, आमच्या नळाला उल्हासचंच पाणी येतं,’’ प्रितमदादा म्हणाले. ‘‘तोच आहे तो. फक्त आंघोळ करून आलाय.’’

‘‘आमची मुलगी जशी आहे तशी आलीये!’’ कल्पिताताई म्हणाल्या.

‘‘ते दिसतंय,’’ प्रितमदादा म्हणाले, आणि नाकाला रुमाल लावला.

इथून पुढे मानपान सुरू झालं. वरपक्षाला जारसाठी चौरंग हवा होता, आपल्याकडे पाट होता. एका गृहस्थांनी मुलीचा रिपोर्ट मागितला. मी दिला. त्यांनी तो उलटा धरून वाचला आणि म्हणाले, स्थळ वाईट नाही. हा सगळा वाद बरोबर तेरा मिनिटं चालला. (ही तेरा मिनिटं पुढे महत्त्वाची आहेत. वाद झाला नसता तर चमत्कारही झाला नसता.)

दोन चोवीसला शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या, आणि नाल्याच्या तोंडातून हिरवं पाणी आलं. साधं शेवाळी नव्हे. बांगड्यांच्या दुकानात उन्हात ठेवलेल्या काचेसारखं, चकाकणारं. पाच-सहा मिनिटांत घाटाचा सगळा काठ हिरवा झाला. मग मामींनीच, तुमच्या सुमतीबाईंनी, हात जोडले आणि म्हणाल्या, ‘‘अगं बाई, चुडा भरला तिने!’’ मग काय विचारता. कल्पिताताई रडल्या. प्रितमदादांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. जार आणि कलश एकमेकांत ओतून नदीत सोडले. फक्त विमलाबाई, ज्यांचं भाजीचं वावर काठावरच आहे, त्या वाकून बघत होत्या. मला म्हणाल्या, ‘‘चुरा हिरवा हाय बाय, पन वास संडासाचा येतंय.’’ विमलाबाई कुठल्याही समितीवर नाहीत.

मग लोकांनी तीर्थ भरून घेतलं. मी सेहेचाळीस बाटल्या मोजल्या. पिऊ नका, हे मी चार वेळा मोठ्याने सांगितलं. मामी म्हणाल्या, ‘‘तुझं लग्न झालं की कळेल तुला.’’ त्यांनी दोन बाटल्या भरल्या, एक देवघरासाठी आणि एक तुमच्या गुडघ्याला चोळायला. निघताना समितीने रंग नैसर्गिक असल्याचा दाखला मागितला. मी लेटरहेडवर ‘रंग हिरवा आहे’ असं लिहून सही केली. त्याहून जास्त काही मला त्या वेळी सांगायचं नव्हतं.

गुडघ्याची काळजी घ्या. मामींना आणि तुमच्या धाकट्या साकेतला नमस्कार व आशीर्वाद योग्य तसे वाटून द्यावेत.

तुमची भाची,
क्षिप्रा

ता. क. – रविवारी माझ्या पर्समध्ये केशरी भुकटीची डबी पाहून मामी समाधानाने हसल्या. त्यांना वाटलं, कुंकू. ते कुंकू नव्हतं. तो पाण्याचा माग काढायचा रंग आहे. कोरडा असताना केशरी, पाण्यात पडला की हिरवा. बाकीच्या दोन सोसायट्यांमध्ये मी तो आधीच्या दोन रविवारी टाकला, काहीच आलं नाही. तुमच्या बाथरूममध्ये मी पहिल्यांदा गेले ते एक चाळीसला, रंग टाकून फ्लश करायला, आणि दुसऱ्यांदा भांडं स्वच्छ झालं का ते पाहायला. एक चाळीस ते दोन चोवीस, म्हणजे चव्वेचाळीस मिनिटं. तुम्ही जेवायला प्रेमाने बोलावलं होतं आणि मी हे केलं, याबद्दल माफी मागते. मोजमापाबद्दल मागत नाही.

ता. क. २ – खरी विनंती ही. कल्पिताताई त्या पाइपच्या तोंडाला दगडी गोमुख बसवणार आहेत, खाली ‘काळूमाईच्या चुड्याचा उगम’ असा फलक. उद्घाटन येत्या रविवारी, वधूपित्याच्या हस्ते. एकदा गोमुख बसलं की तो पाइप बंद करायची कुणाची हिंमत होणार नाही. म्हणून शनिवारपर्यंत प्लांटमधून मखर काढा, पंप सुरू करा आणि नदीकडचा वॉल्व्ह बंद करून घ्या. किल्ली तुमच्याच कपाटात आहे. उगमच आटला तर समारंभ आपोआप रद्द होईल, आणि मी अहवालात सोसायटीचं नाव न घालता ‘नाला बंद झाला’ एवढंच लिहीन. पंप सुरू नसेल तर नाव आणि वेळ दोन्ही लिहावी लागतील. ते मला आवडणार नाही, पण मी लिहीन.

ता. क. ३ – देवघरातली बाटली मामींच्या नकळत काढा. ती मुळात तुमच्याच घरून निघाली होती. पत्राच्या सुरुवातीचा ‘तीर्थस्वरूप’ आता पुन्हा वाचावा. दुसरी बाटली गुडघ्याला लावणं आजच थांबवा, साबणाने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

ता. क. ४ – गुडघा खरोखरच बरा झाला असेल तर कृपा करून कल्पिताताईंना कळू देऊ नका. रविवारपर्यंत लंगडा.