पाइपावरची बैठक

बारामती, ८ ऑगस्ट २०२३

ती. श्यामलाआत्यास,
वल्लरीचा सा. न. वि. वि.

फोनवर 'बायका थांबल्यात गं' म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र. यंदा कॉलेजात आमच्या लँडस्केप आर्किटेक्चरच्या स्टुडिओला, म्हणजे बागा आखायला शिकणाऱ्या माझ्या वर्गाला, मी विषय दिलाय, जुन्या गावातल्या पडीक जागांचा कायापालट. मुलांनी इंदापुरातली तुमची ओढ्याकाठची जागा निवडली. तू, सायराबानूचाची आणि लीलाबाई रोज संध्याकाळी सिमेंटच्या पाइपावर बसता, तीच. मोजमापाला येतील, रागवू नकोस.

तुझ्या मायेला सोकावलेली,
वल्लरी

इंदापूर, २७ ऑगस्ट २०२३

चि. वल्लरीस अनेक आशीर्वाद.

पोरं आली. गुणाची हायत, पण आमी रोज बसतो ती जागा पडीक कशी गं? त्यातल्या कुशल नावाच्या पोरानं सायराबानूला उठवून पाइप मोजला! एका पोरीनं इचारलं, हितं काय कमी हाय? मी म्हणलं, काईच न्हाय. तिनं लिवलं, 'जागरूकता कमी.' मी डोकावून बघितलं की!

मालक गेल्यापास्नं माझं तोंड उघडतं ते तितंच. तेवढी बैठक मोडू नगंस.

तुझी काळजी वाहणारी,
आत्या

बारामती, १४ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तिळगूळ घे, आणि बातमीही गोड आहे. आराखड्याला पहिलं बक्षीस! एक देणगीदार बागही बांधून देतोय. परीक्षकांना सर्वांत आवडला तो 'गप्पांचा कट्टा', तुमच्यावरूनच सुचलेला. चित्रात तुम्ही तिघी आहात. तू जरा बारीक दिसतेस. पाइप तेवढा हलवावा लागेल.

आशीर्वादाची हक्कदार,
वल्लरी

इंदापूर, ५ मे २०२५

चि. वल्लरीस आशीर्वाद.

बाग लई झ्याक झालीया. फाटक हाय, कुलूप हाय. राखणदार पाचला कुलूप लावून जातो. आमी कामं आवरून सहाला येतो. कट्ट्याला साखळी, वर पाटी: 'येथे बसू नये.' आमी फाटकाबाहेर उभ्या राहून आमचाच कट्टा बघतो. कालपास्नं लीलाबाई यायची बंद झाली. मी घरात भिंतीशी बोलती. लई वाईट वाटतं गं.

आत्या

बारामती, १२ मे २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पण केवढा महत्त्वाचा मुद्दा आहे हा! पुढच्या स्टुडिओचा विषय ठरला, 'बागेबाहेरच्या बायका'. सध्या कुठे बसता ते कळव, मुलांना घेऊन येते.

वल्लरी

इंदापूर, १८ मे २०२५

चि. वल्लरीस आशीर्वाद.

नगं बाई! सायराबानूच्या अफजलनं पाइप ट्रॅक्टरनं वडून दुसरीकडं नेला. सावली हाय, वारं हाय, लीलाबाई परत यायला लागली. कुठं ते इचारू नगंस.

तू मात्र ये. एकटी, मोजायची टेप घरी ठिवून. फाट्यावर मी उभी राहीन. पाइपावर तुझ्यापुरती जागा हाय, आमी सरकून बसू.

माया हाय तशीच हाय, तिचा नकाशा काढू नगंस.

आत्या